जुन्या साडीचे सहा थर आणि कांद्याच्या रंगावरचे काळे ठिपके
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

घरातल्या जुन्या कापडातून, रद्दीतून आणि स्वयंपाकघरातल्या टाकाऊ वस्तूंमधून काय काय करता येतं, यावर आलेल्या पत्रांपैकी काही या अंकात घेतली आहेत. बहुतेक पत्रांत तक्रार शेवटच्या पायरीची आहे: टाका फसला, रंग उतरला, टोपली तडकली. प्रत्यक्षात बिघाड आधीच कुठेतरी झालेला असतो, कापड निवडताना नाहीतर धुताना. त्यामुळे उत्तरं थोडी मागे जाऊन दिली आहेत.

प्रश्न : जुन्या साड्यांची गोधडी शिवली. वर सासूबाईंची महेश्वरी, पोटात एक सिंथेटिक साडी, खाली दुकानातून आणलेलं नवं मांजरपाट. पहिल्याच धुण्यात मधोमध फुगे आले, कडा आत ओढल्या गेल्या आणि महेश्वरीला टाक्यालगत बारीक चिरा पडल्या. टाके तर छान बारीक घातले होते. (लोकमान्यनगर, इंदूर)

टाक्यांचा दोष नाही, थरांची सोबत चुकली. नवं, न धुतलेलं मांजरपाट पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर आटतं. सिंथेटिक साडी अजिबात आटत नाही. म्हणजे १.८० मीटर लांबीच्या गोधडीत खालचा थर पाच ते नऊ सेंटिमीटरनं आखूड झाला आणि पोटातला तेवढाच राहिला. ती जास्तीची लांबी जाणार कुठे? दोन टाक्यांच्या ओळींमध्ये फुगून बसली.

चिरांचं कारण वेगळं. महेश्वरीचा ताणा (उभे धागे) बहुधा रेशमी आणि बाणा (आडवे धागे) सुती असतो. वीस-पंचवीस वर्षं घडी करून ठेवलेलं रेशीम घडीवर आधी मरतं. त्यात मजबूत दोऱ्याचे जवळजवळ टाके पडले की प्रत्येक भोक म्हणजे चिरेची सुरुवात. शिवाय गोधडी सोड्यानं किंवा कडक पावडरीनं धुतली जाते आणि रेशमाला ते सोसत नाही. महेश्वरी गोधडीत घालूच नका. तिचे काठ आणि पदर कापून, मागे मलमलीचं अस्तर लावून, उशीच्या अभ्र्याला किंवा दाराच्या तोरणाला वापरा. तिथे रोज ओढाताण होत नाही.

आता पुन्हा शिवायची तर अशी शिवा. एक पाचवारी सुती साडी साधारण ५.५० मीटर लांब आणि १.१० ते १.१५ मीटर पन्ह्याची असते. तिचे तीन सारखे तुकडे केले की प्रत्येकी १.८० मीटरचे तीन थर मिळतात. दोन साड्यांचे सहा थर, हे हातानं शिवायच्या गोधडीला पुरेसं आहे. आठ थर झाले की सुई रुतते, बोट दुखतं आणि टाके आपोआप लांब पडू लागतात. नऊवारी लुगडं मिळालं तर उत्तमच, ८ मीटरच्या आसपासच्या लुगड्याचे चार थर निघतात आणि कापड बहुधा मऊ झालेलं असतं.

साडी घेण्याआधी दोन परीक्षा करा. पहिली, दोन्ही अंगठ्यांत कापड धरून हलका झटका द्या. चर्र आवाज करून फाटलं तर ते पोटातही घालू नका, तिथे त्याच्या गुठळ्या होतात. दुसरी, एक धागा ओढून तो चिमट्यात धरून जाळा. सुताचा धागा कागदासारखा वास देतो आणि राख बोटानं चोळली की पीठ होते. पॉलिस्टर वितळून काळा टणक मणी होतो. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो आणि त्याचा मणी चिमटीत चुरडतो. मिश्र कापडात राखेबरोबर टणक कणही सापडतात, ते सिंथेटिक समजून बाजूला ठेवा.

सगळं कापड आधी गरम पाण्यात रात्रभर भिजवून, चोळून, कडक उन्हात वाळवा. नव्या मांजरपाटातली कांजी यानंच निघते आणि आटायचं तेवढं आटून घेतं. मग फरशी पुसून सर्वात खालचा थर उलटी बाजू वर करून अंथरा. चारी कोपऱ्यांवर डबे ठेवून तो ताठ करा, मात्र ताणू नका. ताणलेलं कापड डबे उचलले की परत आखडतं. एकावर एक थर टाकताना काठ एकाच बाजूला येऊ देऊ नका. काठाचं कापड जाड असतं, तीन काठ एकत्र आले की ती बाजू दोरीसारखी होते. रुंदी वाढवायला तुकडे जोडले असतील, तर प्रत्येक थराचा जोड आधीच्यापासून चार बोटं सरकवा.

थर बसले की मध्यापासून बाहेरच्या बाजूला कच्चे टाके घाला: आधी मधोमध अधिक चिन्हासारखे दोन, मग दोन्ही तिरपे, मग वीतभर अंतरानं समांतर. कडेकडून आत आलात तर सगळी सैल हवा मध्यावर जमते आणि तिथेच तो फुगा येतो, ज्याला पुढे कितीही इस्त्री केली तरी तो जात नाही.

पक्का धावदोरा अर्ध्या सेंटिमीटरच्या टाक्याचा, ओळींतलं अंतर दीड बोट, म्हणजे अडीच सेंटिमीटर. १.१० मीटर रुंदीत साधारण चव्वेचाळीस ओळी बसतात. एकेरी दोरा शंभर मीटरपर्यंत लागतो, दुहेरी घेतला तर दोनशे. दोरा सुतीच घ्या, साडीपेक्षा थोडाच जाड. नायलॉनचा दोरा वर्षानुवर्षं टिकतो आणि कापड कापून टिकतो. हाताच्या लांबीपेक्षा जास्त दोरा सुईत ओवू नका. लांब दोरा दर टाक्याला कापडावर घासून पिंजतो आणि मग आपण नकळत तो ओढतो.

ओळ संपल्यावरची एक कृती मात्र कुणी सांगत नाही. गाठ मारण्याआधी ओळीच्या सुरुवातीला डावा अंगठा दाबून धरा आणि उजव्या अंगठ्यानं टाक्यांवरून शेवटपर्यंत कापड सारत न्या. आवळलेले टाके पसरतात आणि दोऱ्याचं सैल टोक एक-दोन सेंटिमीटर आत सरकतं. तेवढा दोरा आत जाऊ द्या, मगच गाठ मारा. गाठ वर न ठेवता सुई पोटातून दोन बोटं पुढे काढून टोक कापा. गोधडीच्या पहिल्या दोन ओळींत हे केलंत की पुढच्या ओळींत हात आपोआप हलका होतो.

कडेला गोट लावताना सरळ पट्टी चालते, कारण कड सरळ आहे. गोल कोपरे केले असतील तरच उरेब पट्टी हवी. कापडाची कड ताण्याशी ४५ अंशात दुमडून त्या रेषेवर ५ सेंटिमीटर रुंद पट्ट्या काढा.

प्रश्न : कांद्याच्या सालींत ओढणी रंगवली. आधी हिरडा, मग तुरटी, सगळं तुमच्या मागच्या अंकाप्रमाणे केलं. रंग सुंदर तांबूस सोनेरी आला, पण मिरी उधळावी तसे काळपट ठिपके पडले. धुऊन जात नाहीत. आणि हळदीत रंगवलेला रुमाल मात्र आठवड्यात पांढरा झाला. (महू)

ठिपके लोखंडाचे आहेत. ओढणी कुठे वाळवली ते पाहा: गंजलेली तार, चिमट्याची गंजलेली स्प्रिंग, नाहीतर कानाला गंज चढलेली बादली. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की लगेच काळं होतं, शाई अशीच बनत असे. हिरड्यात भिजवलेलं कापड म्हणजे लोखंडाच्या एका कणाची वाट पाहत बसलेला कागद. ते पडलेले ठिपके काढायच्या नादाला लागू नका. लिंबाच्या रसानं ठिपका फिका होतो, पण आजूबाजूचा रंगही जातो आणि काळ्या ठिपक्याच्या जागी पिवळट चट्टा दिसतो. त्यापेक्षा पूर्ण ओढणीच लोखंडाच्या पाण्यात हलकेच बुडवून हिरवट-राखाडी करून टाका. सगळीकडे सारखंच झालं की डाग राहत नाही.

लोखंडाचं पाणी घरी होतं. गंजलेले खिळे, पत्र्याचे तुकडे असे पाव किलो, गूळ १०० ग्रॅम आणि पाणी २ लिटर, हे प्लास्टिकच्या डब्यात दोन ते तीन आठवडे ठेवा. झाकण सैल असू द्या, आत वायू होतो. वर फेस धरला, आंबूस-धातूचा वास आला की गाळून घ्या. रंगवताना एका बादलीला एक वाटी पुरते आणि कापड एक-दोन मिनिटांवर ठेवायचं नाही. जास्त लोखंड गेलं की सूत कालांतरानं ठिसूळ होतं. जुन्या छापील कापडांत काळ्या नक्षीच्या जागीच भोकं पडलेली दिसतात, ती यामुळेच.

धार जिल्ह्यातल्या बाग गावचे छापकाम करणारे हेच दोन्ही जाणूनबुजून वापरतात. हिरड्यात पिवळट केलेल्या कापडावर चिंचोक्याच्या पिठात घट्ट केलेली तुरटी ठशानं उमटवली की लाल रंगाच्या (अलिझरीनच्या) पाण्यात उकळल्यावर तिथे लाल येतो आणि लोखंडाचा ठसा असेल तिथे काळा. तुमच्या ओढणीवर ठसा मारण्याऐवजी तारेनं छाप मारले, फरक तेवढाच.

हळदीचं सांगायचं तर त्या रंगाचा स्वभावच तसा आहे. उन्हात हळदीतला रंगद्रव्याचा भाग मोडतो आणि कपडे धुण्याच्या साबणाची अल्कली लागली की लाल होतो. याच गुणावर तर घरचं कुंकू बनतं. हळदीला कितीही तुरटी लावा, टिकाऊ पिवळा तिच्यातून मिळत नाही. पिवळ्यासाठी डाळिंबाची वाळलेली सालं घ्या. त्यांत टॅनिन मुळातच असतं, म्हणून रंग कापडाला धरून राहतो. शेड थोडी मळकट मोहरीसारखी येते, झळझळीत नाही.

आता पुढच्या खेपेला २५० ग्रॅम सुती कापडाचं मोजमाप. आधी दर लिटर पाण्याला एक चहाचा चमचा धुण्याचा सोडा घालून कापड अर्धा तास उकळा. पाणी चहासारखं तपकिरी होतं, तो सूत आणि कांजीतला मळ. स्वच्छ धुवा. मग हिरड्याची पूड ५० ग्रॅम पाच लिटर कोमट पाण्यात कालवून कापड रात्रभर त्यात. सकाळी पिळा, न धुता सावलीत वाळवा. त्यानंतर तुरटी ४० ग्रॅम गरम पाण्यात विरघळवून त्यात दोन तास, पुन्हा वाळवा. एक-दोन दिवस थांबलात तर तुरटी सुताला चांगली बसते. मग सालं. कापडाइतक्याच वजनाची, म्हणजे २५० ग्रॅम वाळलेली सालं. ती ऐकायला कमी वाटतात, पण मोठी पिशवीभर होतात. घरात साठवत बसण्यापेक्षा इंदूरच्या चोइथराम भाजी मंडीत कांद्याच्या पोत्यांखाली पडलेली उचलून आणा, कुणी पैसे मागत नाही. तासभर उकळून गाळा, सालं काढून टाका, मगच कापड घाला. सालं आत राहिली की जिथे टेकतात तिथे गडद पट्टे पडतात. मंद आचेवर पाऊण तास, अधूनमधून उलटंपालटं करत, मग त्याच पाण्यात थंड होऊ द्या.

भांडं स्टीलचं, आणि ते पुन्हा स्वयंपाकात नाही. पाणी नळाचं नर्मदेचं वापरा. बोअरच्या जड पाण्यात सोडा-साबण नीट काम करत नाही आणि त्यात लोहाचा अंश असेल तर तुमचा पिवळा पहिल्याच दिवशी मळकट येतो. वाळवायला नायलॉनची दोरी, चिमटे प्लास्टिकचे.

प्रश्न : रंगीत कापड पहिल्या धुण्याआधी मिठाच्या पाण्यात ठेवलं की रंग पक्का होतो ना? (देवास)

नाही. मीठ रंगवताना काही रंगांना सुताकडे ढकलायला उपयोगी पडतं, पण आधीच रंगवून आलेल्या कापडात ते काही बांधत नाही. व्हिनेगरचंही सुतावर तेच. कापडाचा रंग जातो का हे बघायचं असेल तर पांढरा ओला रुमाल त्यावर वीस वेळा घासा. रुमाल रंगला तर ते कापड पांढऱ्याशेजारी शिवू नका. एवढंच त्यावर औषध.

प्रश्न : रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत) गेलेले कपडे धुऊनही रंगीबेरंगीच राहतात. त्यांचं पायपुसणं करावं म्हटलं. वेणी घालून गोल शिवलं, तर ते वाटीसारखं वर उचललं गेलं. (रामबाग)

वाटी झाली म्हणजे वळणावर वेणी ताणून बसवली. बाहेरच्या फेरीला आतल्या फेरीपेक्षा जास्त लांबी लागते. ती दिली नाही तर कड आत ओढते आणि तळ वर येतो. उलट वेणी सैल घातली तर कडा झालरीसारख्या वरखाली होतात. वळणावर आतल्या फेरीचे तीन टाके घेताना बाहेरच्या वेणीचे चार पेर पुढे सरकू द्या, सरळ भागात एकास एक. दर दोन फेऱ्यांनंतर पायपुसणं फरशीवर टाकून हातानं दाबा. उचललं जात असेल तर तिथेच उसवा. पुढे जाऊन ते सपाट होत नाही, वाढतच जातं.

गोलापेक्षा लंबगोल सोपं. आधी मधली सरळ वेणी किती घ्यायची याचा हिशेब साधा आहे: लांबीतून रुंदी वजा करा. ६० बाय ४० सेंटिमीटरचं पायपुसणं हवं तर सुरुवातीची सरळ वेणी २० सेंटिमीटर. त्याभोवती गुंडाळत जा, आकार आपोआप येतो.

पट्ट्या पाच सेंटिमीटर रुंद, सुती कुर्ते आणि टी-शर्टाच्या. टी-शर्टाच्या पट्ट्या आडव्या कापल्या तर ओढल्यावर दोरीसारख्या गुंडाळतात, त्यांना कडा शिवायची गरज नाही. तीन पट्ट्यांची लांबी सारखी ठेवू नका. तिन्हीचे जोड एकाच जागी आले की वेणीत गाठीचा गोळा येतो. वेणी शिवायला वरून टाका नको, दोन वेण्यांच्या पेरांतून आत-आत सुई न्या, दोरा दिसतही नाही आणि पायानं घासलाही जात नाही.

गेरचे रंग मात्र पुरते गेलेले नसतात. आधी दोनदा गरम पाण्यानं धुवा, तरीही पहिल्या पावसाळ्यात पायपुसणं फरशीवर थोडा रंग सोडतं. पांढऱ्या संगमरवरावर ठेवू नका.

प्रश्न : मेथी घालून कागदाच्या लगद्यानं बांबूची टोपली लिंपली. आईकडे अशा टोपल्या पंधरा वर्षं टिकल्या. माझी दोन दिवसांत तडकली. (तिलकनगर)

तडकायची तीनच कारणं: थर जाड, पाणी जास्त, वाळवणं घाईत. बोटाएवढा जाड थर बाहेरून सुकतो, आत ओला राहतो. आतला सुकताना आक्रसतो तेव्हा बाहेरची पापुद्री फुटते.

अर्धा किलो वर्तमानपत्राच्या रद्दीला १०० ग्रॅम मेथी घ्या. कागद फाडून (कापून नव्हे, फाडलेल्या कडा लवकर भिजतात) दोन दिवस भिजत ठेवा, पाणी रोज बदला. मग मिक्सरमधून नाहीतर पाट्यावर वाटा. मेथी रात्रभर भिजवून अगदी गुळगुळीत वाटा. तिचा चिकटपणा हाच गोंद आणि तिचा कडूपणा झुरळा-किड्यांना दूर ठेवतो. लगदा जुन्या पातळ कापडात घालून घट्ट पिळा. मुठीत दाबल्यावर थेंब पडू नये, पण लाडू वळता यावा, इतका ओला. मग मेथी घालून मळा.

पहिला थर बाहेरून, फक्त दोन-तीन मिलिमीटर, बांबूच्या फटीत अंगठ्यानं दाबून. सावलीत, वाऱ्यावर दोन दिवस. मग आतून तसाच. मग हवा तर बाहेरून दुसरा. वरून पातळ खळ आणि कोरा कागद चिकटवला की भेगा झाकल्या जातात आणि धान्य छापील शाईला लागत नाही. मालव्यातल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत हे काम करू नका, लगदा वाळण्याआधी बुरशी धरतो. मे किंवा दसऱ्यानंतर करा.

आमच्यासारख्या मासिकांचे चकचकीत कागद यात चालत नाहीत. त्यांच्यावर पांढऱ्या मातीचा लेप असतो, तो भिजून चिखल होतो आणि लगद्याला धागा राहत नाही. म्हणजे आम्ही या कामाचे नाही.

खळ कशी करायची हे दोघींनी विचारलं आहे. चार मोठे चमचे मैदा, अर्धी वाटी थंड पाण्यात गुठळी मोडून घ्या. दोन वाट्या पाणी उकळत ठेवून त्यात ओता, ढवळत राहा. दुधी पांढरा रंग जाऊन पारदर्शक चकाकी आली की बंद करा. कच्चा मैदा राहिला की खळ पाण्यासारखी सुटते आणि चिकटत नाही. पुस्तकं बांधणारे त्यात चिमूटभर मोरचूद घालतात (आपल्याकडे दुकानात नीलाथोथा म्हणून मागा), त्यामुळे कसर आणि झुरळं लागत नाहीत. ते विष आहे. मुलं हात घालणार असतील, किंवा टोपलीत खायचं ठेवणार असाल, तर मोरचूद नको. त्याऐवजी ताजी खळ लागेल तेवढीच करा, दोन दिवसांत संपवा.

प्रश्न : बटाट्याचे ठसे करून टेबलक्लॉथ छापला. कडा पसरल्या आणि धुतल्यावर अर्धा रंग गेला. (सुदामानगर)

बटाट्यात पाणी असतं. ठसा कापल्यावर तो कागदी रुमालावर पालथा घालून पंधरा मिनिटं ठेवा, आणि दर आठ-दहा छापांनंतर पुन्हा. रंगात बुडवू नका: स्पंजाच्या तुकड्यावर रंग चोपडून ठसा त्यावर टेकवा. रंग कापडाचाच घ्या, पोस्टर कलर धुपतो. टेबलावर थेट छापू नका, खाली जुनी घोंगडी आणि त्यावर सुती चादर अंथरा. कडक पृष्ठभागावर ठशाचा मधला भाग उमटतच नाही, म्हणून माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की कडेनं रंग बाहेर येतो.

छापून झाल्यावर चोवीस तास वाळू द्या. मग उलट्या बाजूनं, कोरडी इस्त्री सुती खुणेवर, प्रत्येक भागावर तीन-चार मिनिटं. वाफ नको. तीन दिवस धुवू नका. कापड नवं असेल तर आधी धुतलेलं हवं. कांजीवर रंग वरवर बसतो आणि कांजीबरोबर निघून जातो.

बटाटा दुसऱ्या दिवशी सुरकुततो, त्यामुळे मोठं काम असेल तर ठसा बदलत राहावा लागतो. भुट्ट्याचा कीस केल्यावर उरलेलं कणीस दोन दिवस वाळवून त्याला रंग लावून लाटण्यासारखं फिरवा. जाळीदार किनार येते, आणि टेबलक्लॉथच्या कडेला ती सुंदर दिसते. भेंडी आडवी कापून फुलं, ढोबळी मिरचीची मोठी फुलं. यांत बिया आधी काढा, त्या सुटून रंगात चिकटतात.

प्रश्न : फ्लॅटमध्ये राहतो. मुलीला शेजारच्या मुलींसारखी भिंतीवर संजा (पितृपक्षात मुली शेणानं काढतात त्या आकृत्या) करायची आहे, पण सोसायटी भिंत खराब करू देत नाही. पुठ्ठ्यावर केली, तर पुठ्ठा द्रोणासारखा वळला आणि शेण सुटून पडलं. (विजयनगर)

पुठ्ठा एका बाजूनं ओला झाला की वळणारच. दोन्ही बाजूंना शेणमातीचा हात फिरवा म्हणजे दोन्हीकडून ओढ सारखी राहते. किंवा पुठ्ठा सोडून गोणपाट वापरा: जुन्या बारदानाचा ४५ बाय ६० सेंटिमीटरचा तुकडा लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर खिळ्यांनी ताणून बसवा. गोणपाटाच्या जाळीत शेण शिरून धरून राहतं.

दोन भाग ताजं शेण, एक भाग चाळलेली माती. नुसतं शेण सुकल्यावर आक्रसून सुटतं, माती त्याला थांबवते. पाव वाटी खळ मिसळली की अजून पक्कं. पाया आदल्या दिवशी लिंपून अर्धवट सुकू द्या, त्यावर चंद्र-सूर्य आणि बाकीच्या आकृत्या बोटाएवढ्या जाडीच्या, दाबून बसवा. फुलांच्या पाकळ्या आणि रंगीत पन्नी शेण ओलं असतानाच टोचा, नंतर चिकटत नाहीत. पितृपक्षात संजा रोज नवी होते, त्यामुळे आकृत्या खरवडून त्याच चौकटीवर पुन्हा करता येतात. शेवटच्या दिवशीच्या किलाकोटाला (मोठ्या किल्ल्याच्या आकृतीला) मात्र जागा जास्त लागते, दोन चौकटी शेजारी लावा.

प्रश्न : जुन्या जीन्सचा झोळा शिवला, भाजी घेऊन आले आणि पट्टा मुळासकट उपटला. (अन्नपूर्णा)

पट्टा झोळ्याच्या कडेवर शिवला असणार. पट्टा कडेखाली ८ सेंटिमीटर उतरवा, आतून त्याच जागी जीन्सचाच दोन बोटं मोठा चौकोनी तुकडा ठेवा, आणि पट्ट्याच्या टोकाला चौकोन शिवून त्यात तिरप्या फुलीची टीप मारा. बारा सेंटिमीटर रुंद पट्टी चार पदरी दुमडली की तीन सेंटिमीटरचा पट्टा होतो, लांबी ६० सेंटिमीटर. जीन्सला सोळा नंबरची सुई लावा, चौदाची त्या चार पदरांत वाकते आणि टाके सुटतात. भाजीच्या झोळ्याचा तळ शिवताना कोपरे आतून तिरके पाच सेंटिमीटरवर शिवून कापले की तळ सपाट बसतो, टोमॅटो एका कोपऱ्यात जमत नाहीत.

प्रश्न : सुया गंजतात, टाचणदाणीत तांदूळ भरले होते. (नंदानगर)

तांदूळ दमट हवा ओढतात आणि त्यात सोंडे होतात. कोरडा लोकरीचा धागा किंवा लाकडाचा बारीक भुसा भरा, भुसा आधी उन्हात दोन दिवस तापवून. पूर्वी टाचणदाणीत केस भरत, केसांना तेल असतं म्हणून सुई गंजत नसे आणि सहज सरकत असे. विंचरताना निघालेले केस पुरेसे जमतात, फक्त आवरणाचं कापड दाट विणीचं घ्या, नाहीतर टोकं बाहेर येतात.